चरबीची उघाडी

रामवाडी, पेण
१५ नोव्हेंबर १९९६

कान्हू,

वर आशीर्वाद लिहिलेला नाय, कारण राग हाय. पण मोठ्या बहिणीचा आशीर्वाद कुठे जात नाय. तो धरून चाल आणि पुढे वाच.

भाऊबीज गेली. यंदाही मी ताट केलं, पाट मांडला. तुझ्या दाजींनी विचारलं, "कुणासाठी गो?" म्हटलं, चंद्रासाठी. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात ना, तशी तुझ्या दिपिकाच्या लग्नापासून मी चंद्रालाच ओवाळते. तो बिचारा बोलवायला न जाता येतो.

चांगुणा इथे येऊन गेली. तुला सांगितलं नसेल तर आता कळलं, आणि बायकोवर ओरडलास तर बघ. दारात उभी राहिली ती रडायलाच लागली. मला आधी वाटलं दिपिकाचं काही झालं. मग एकेक कळत गेलं. तुझ्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा मुंबईला मशीनवर घालतात, पाय टरारून सुजतात, आणि तू कंपनीत शिफ्टवरच्या लोकांना सांगतोस, पित्त झालंय. पित्त! रोह्यातली माणसं काय खुळी हायत?

चांगुणाचा रक्तगट जुळत नाय. दिपिकाला दिवस गेलेत. मग राहिलं कोण? ही जाडी.

म्हणून तुझ्या हॉस्पिटलात मी जाऊन आले. तुला न विचारता. रक्त जुळलं, आतलं काय काय बघतात तेही जुळलं. मोठे डॉक्टर म्हणाले, फार छान जुळतंय. मी मनात म्हटलं, न जुळून सांगतंय कुणाला, एकाच आईच्या अंगावर प्यायलोय. पण मग त्यांनी साखरेचं पाणी पाजून परत रक्त घेतलं, काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. साखर वर जाते, खाली यायचं नाव घेत नाय. चरबी बेसुमार. अशा बाईची एक किडनी काढली तर उद्या हिलाच मशीनवर घालावं लागेल. नाय म्हणाले. तोंडावर नाय.

मी बाहेर बाकड्यावर बसून राहिले. रडले नाय. पण खूप दमल्यासारखं झालं. काय रे, ज्या अंगावरून तू मला चारचौघांत हसलास, तेच अंग आता मधे आडवं यावं?

तू विसरला असशील, मी नाय विसरले. हळद लागलेल्या पोरीशेजारी आत्या म्हणून मी बसायला गेले आणि तू मांडवभर ऐकू जाईल असं बोललास, "ताय, त्या खुर्चीवर नको, भाड्याची हाय. तुझ्यासाठी लोखंडी मागवतो." व्याही हसले, वाढपी हसले, बँडवालेसुद्धा हसले. हळदीचे हात न धुता मी वडखळची एस.टी. धरली. आणि वर तूच रुसलास. म्हणे आत्या मांडवातून उठून गेली, अपशकुन केला. वा रे वा.

असो. त्या बाकड्यावर एक डॉक्टरीणबाई आल्या. भाग्यश्री नाव, वयाने आपल्या दिपिकाहून थोड्या मोठ्या. जाड माणसं चालली-फिरली तर त्यांच्या चरबीच्या आत काय बदलतं, ह्याचा त्या अभ्यास करतायत. मला म्हणाल्या, "मावशी, तीन महिने रोज चालाल? पोटातली चिमूटभर चरबी आधी घेईन, नंतर घेईन. साखर आटोक्यात आली तर मोठ्या डॉक्टरांशी मीच बोलेन."

मी हो म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं की माझ्या हट्टासाठी, ते मला विचारू नको. पत्ता वर लिहिलाय.

रंभा


रामवाडी, पेण
१२ जानेवारी १९९७

कान्हू,

तिळगूळ पाठवला असता, पण चांगुणा सांगते तुला गूळ चालत नाय, आणि मला तर तो कधीच चालायला नको होता. तर नुसतंच गोड बोल. तेही जमत नसेल तर कडू बोल, पण बोल.

चरबी काढली. बेंबीच्या बाजूला सुई टोचून बधिर केलं, बारीकशी चीर दिली आणि आतून काढली. मी म्हटलं, बघू तरी. बाईंनी काचेच्या नळीत दाखवली. पिवळी, भिजवलेल्या चण्याएवढी. आयुष्यभर जिच्यापायी ऐकून घेतलं ती इतकीशी! मी म्हटलं, "बाई, आणखी घ्या की, संकोच नको." त्या हसल्या.

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी तुला समजावते, कारण तुला वाटतं जाड माणूस म्हणजे भरून ठेवलेलं पोतं. तसं नाय. बाई म्हणाल्या, चरबी ही नुसती साठवण नाही, ती काम करते. तिच्या प्रत्येक पेशीला डोळ्यांना न दिसणारी दारं असतात, रक्तातली साखर आत घ्यायची. इन्शुलिन येऊन हाक मारतं, मग आत दडलेली दारं वर येतात आणि उघडतात. माझ्या पेशींत दारंही कमी आणि हाक ऐकायची सवयही मोडलेली. साखर मग बाहेरच फिरत राहते.

मी म्हटलं, "म्हणजे उघाडी अडकली."

त्यांना उघाडी माहीत नव्हती. मुंबईच्या त्या. मग मी सांगितलं, आमच्या मिठागराच्या बांधात लाकडी झडप असायची, खाडीचं पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला. रोज उघडझाप केली तर पोरगंही ती उचलेल. चार भरत्या दुर्लक्ष केलं की गाळ बसतो, मग दोन बाप्यांनी लोंबकळलं तरी हलत नाय. तुला आठवतं ना, आपले बाबा तापात पडले होते तेव्हा कशी बसली होती? बाई म्हणाल्या, "अगदी हेच, मावशी. चालणं म्हणजे रोज उघडझाप करणं." आता त्या माझ्याशी बोलताना उघाडीच म्हणतात.

आणखी एक सांगितलं त्यांनी. चरबी रक्तातून निरोप पाठवते. दोनेक वर्षांपूर्वीच अमेरिकेत त्यातला एक सापडला. तो मेंदूला सांगतो, पुरे झालं, साठा भरपूर हाय. मी म्हटलं, माझी चरबी मुकी असेल मग. तर म्हणे नाय, जाड माणसाच्या रक्तात तो निरोप उलट जास्तच असतो. मेंदू ऐकत नाय. चरबी बिचारी निरोपावर निरोप धाडते आणि तिकडे कुणी दाद देत नाय. मला तुझीच आठवण झाली. हे माझं दुसरं पत्र.

खाण्यात काही बदल करायचा नाय, उपासतापास बंद, अशी त्यांची अट हाय. कमी खाल्लं तर फरक खाण्याने पडला की चालण्याने, हे त्यांना कसं कळणार? तेव्हा जेवते नेहमीचंच. चालते मात्र दम लागेपर्यंत. उजाडायच्या सुमारास रामवाडीतून निघते, खाडीकडे उतरते आणि जुन्या मिठागराच्या बांधावर जाऊन परत येते. हायवे ओलांडताना डोलवीला जाणारे ट्रक अंगावर धूळ उडवतात. टपरीवाला शिवा रोज विचारतो, "मावशी, गाडी चुकली का?" मी म्हणते, "चुकलेली धरायलाच चाललेय."

त्या बांधावरून मी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन धावायचे आणि तू कडेला बसून चिंबोऱ्या काढायचास. तेव्हा मी काडी होते. मग लग्न झालं, गणपतीच्या कारखान्यात बसून काम लागलं. बसून बसून वर्षं गेली. शेकडो देवांची पोटं रंगवली आणि माझं पोट कधी वाढलं ते कळलंच नाय. देवाच्या पोटाला लोक हात जोडतात, माझ्या पोटाला हसतात.

गुडघे बोलतात. टाचा तर सकाळी जमिनीला लावून घेत नायत. माझी धाकटी जाऊ हौसा रोज संध्याकाळी तेल लावून देते. ती म्हणते, "भावासाठी बोललीस ना गो, मग हा नवसच. नवसाला दुखायचंच." भोळी हाय, पण जीव लावते.

तुझी ताय


रामवाडी, पेण
१९ फेब्रुवारी १९९७

कान्हू,

अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. थंडीतापाने धरलं होतं. मलेरिया निघाला. गोधड्यांवर गोधड्या टाकून पडले होते, कुणी पाणी देईल तर प्यायचं. आता उठून बसते, पण अंगात काही राहिलेलं नाय.

चालण्याची काळजी करू नको. ते एक दिवस पडू दिलेलं नाय.

पहिल्याच सकाळी मी तापात धडपडत चपला शोधायला लागले, तर हौसाने हात धरून निजवलं. म्हणाली, "तू पड गो. मी जाते." आणि गेली. तोच रस्ता, तोच बांध, त्याच वेळेला. तेव्हापासून रोज जाते, तेही अनवाणी. तिचं स्वतःचं घर, कोंबड्या, आमच्या सासऱ्याचं दुखणं, सगळं आटपून. शिवाने तिला विचारलं, "आज तू कशी?" तर म्हणाली, "मी नाय, रंभाच चालतेय."

तू हसशील. पण तुला लहानपणी विषमज्वर झाला होता तेव्हा आईने देवीला प्रदक्षिणा बोलल्या होत्या, आणि मधेच आई आजारी पडली. राहिलेल्या प्रदक्षिणा आपल्या आत्याने घातल्या. तू उठलास की नाय? देवीने काय हजेरी घेताना तोंड बघितलं? आपल्यात असंच हाय. एकाचं बोललेलं दुसऱ्याने पुरं केलं तरी ते पुरं होतं. मुद्दा बोललेलं न मोडण्याचा.

पुढच्या महिन्यात परत चरबी काढणार. मग मोठे डॉक्टर कसे नाय म्हणतात ते बघते.

चांगुणा फोनवर म्हणाली तू जेवत नायस. जेव रे बाबा. मी इथे पाय झिजवतेय आणि तू तिकडे ताट सरकवतोस, हे बरं नव्हे.

ताय


रामवाडी, पेण
१७ मार्च १९९७

कान्हू,

सगळं पाण्यात गेलं.

भाग्यश्रीबाईंनी चरबी काढली. ती खारट पाण्यात ठेवतात, इन्शुलिन घालतात, साखर घालतात आणि पेशी किती साखर आत घेतात ते मोजतात. चार दिवसांनी बोलावलं. बाईंचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "मावशी, होतं तसंच आहे. रक्तातली साखरही तशीच. मला समजतच नाही. किती दिवस चालणं चुकलं?"

"एकही नाय."

"आजारी वगैरे पडला होता?"

"पडले होते. पण चालणं नाय पडलं. जाऊ चालली."

त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. नवसाचं सांगितलं, आत्याच्या प्रदक्षिणांचं सांगितलं. शेजारचा नळ्या धुणारा खो खो हसायला लागला. बाई हसल्या नायत. डोक्याला हात लावून बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मावशी, हौसाबाईंची चरबी मात्र नक्की सुधारली असेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय शाळा बघितलेलीच नाय? सातवी झालेली बाई मी. माझ्या पोटातली चरबी माझ्याच पायांनी हलणार, एवढं मला कळत नव्हतं? कळत होतं रे. पण तापात पडलेल्या माणसाला असं काही धरायला लागतं. आणि हौसाचे भेगाळलेले पाय बघून तिला "ह्याचा उपयोग नाय" म्हणायला तोंड उघडलं नाय माझं.

बाईंनी समजावलं. म्हणे चालण्याने जी नवी दारं तयार होतात ती टिकाऊ नसतात. आठ-दहा दिवस माणूस आडवा पडला की पेशी दारं परत मोडीत काढते, हाक ऐकेनाशी होते. जुनी जाड पेशी उलट दारं बंद करणारे निरोपही सोडत असते. त्यात तापाने साखर आणखी बिघडते. म्हणजे मी थंडीतापाआधी जे कमावलं होतं ते अंथरुणात गेलं. उघाडीवर गाळ बसायला चार भरत्या पुरतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं ना? बसला गाळ.

मोठे डॉक्टर म्हणाले, आता दुसरा कोणी बघा. दुसरा कोण? बाई त्यांच्यामागे लागल्या. शेवटी म्हणाले, मे अखेरपर्यंत. त्याच्या पुढे तुमच्या साखरेसाठी थांबता येणार नाही.

हे ऐकून घरी आले तर चांगुणाचा फोन. मशीनवर असताना तुझा रक्तदाब एकदम खाली गेला, तोंड पांढरं पडलं, दोन दिवस तिथेच ठेवलं. आणि शुद्धीवर आल्यावर तू काय म्हणालास तेही सांगितलं तिने. नको सांगू म्हटलं होतंस ना? सांगितलं. "रंभीला सांग, मला तिचं काही नको."

रंभी. ताय पण नाय.

हौसाला मी खरं ते सांगितलं. वाटलं रडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "मग उद्यापासून दोघी जाऊ. तू तुझं चाल, मी तुला सोबत."

तू नको म्हण. मी उद्या जातेय.

रंभा


रामवाडी, पेण
२६ मे १९९७

कान्हू,

हे पत्र चांगुणाला मोठ्याने वाचायला लाव. तू अर्ध्यात फेकून देशील म्हणून.

दोन महिने चालले. उन्हाने बांधावरची माती अशी तापते की चपलेतून कळतं. कारखान्यात सीझन सुरू झालाय, मूर्तींना जागा पुरत नाय, आणि मालक दाजींजवळ कुरकुर करतो की तुझी बायको येते तेव्हाच दमलेली असते. खरंय. ब्रश हातात धरला की डुलकी येते. एका गणपतीचा शेला मी हिरव्याच्या जागी निळा केला. मालक ओरडला. मी म्हटलं, असू दे, देव काही बोलला नाय.

वजन म्हणशील तर जवळजवळ तेच. पावशेर इकडे, अर्धा किलो तिकडे. ब्लाउज तेच, पोट तेच. बायका विचारतात, "एवढं चालून काय मिळालं गो? हायस तशीच हायस." कुणाकुणाला सांगत बसू? हौसा मात्र भांडते त्यांच्याशी.

पण आतलं बदललंय. परवा बाईंनी तिसऱ्यांदा चरबी काढली आणि आज बोलावून कागद दाखवला. त्यांचे डोळे असे चमकत होते, जशी काही त्यांचीच परीक्षा. म्हणाल्या, "मावशी, पेशी साखर आत घेतायत. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. दारं वाढलीयत. उघाडी सुटली!" मीही येडी, त्या एवढ्याशा तुकड्याचं कौतुक करत उभी राहिले. साखरेचं पाणी पिऊनही रक्त जिथे हवं तिथे खाली आलं. मी विचारलं, वजन का नाय उतरलं मग? त्या म्हणाल्या, काट्याला फक्त ओझं कळतं. आत काय चाललंय ते त्याला कळत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. लघवी तपासली, रक्तदाब तपासला, छातीचा फोटो बघितला. मग म्हणाले, घेऊ.

घेऊ म्हणाले, कान्हू.

आता तुझी सही पाहिजे. तू नको म्हटलंस तर कुणी जबरदस्ती करणार नाय, कायदाच तसा हाय. चांगुणा म्हणते तू भिंतीकडे तोंड करून पडतोस. म्हणतोस, जिला मी मांडवात हसलो तिच्याकडून कुठल्या तोंडाने घेऊ. म्हणजे तुला आठवतंय. मला वाटत होतं तू विसरलास.

ऐक. मला तुझी माफी नको. मी दमलेय रे. रागवायलाही अंगात दम लागतो, आणि माझा सगळा दम त्या बांधावर गेला. तुझ्यावर उपकार करून तुला खाली बघायला लावायचं, हेही माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू? हिवाळ्यात येत होतं. उन्हाळ्यात ते पण घामाने वाहून गेलं. आता एवढंच उरलंय की तू जगावंस. आई गेली, बाबा गेले. मला "ताय" म्हणणारं दुसरं कुणी नाय. तू गेलास की मी कुणाचीच ताय नाय. चंद्राला ओवाळून किती वर्षं काढू?

आणि हे चालणं ठेवून देता येत नाय, हे तर मी तुला आधीच लिहिलंय. मी थांबले की आतली दारं मोडायला लागतात. तेव्हा तू विचार करत बसशील तोवर मला रोज त्या बांधावर जावं लागणार. माझ्या गुडघ्यांवर तरी दया कर.

सही कर.

ताय


मुंबई, हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड
९ ऑगस्ट १९९७

कान्हू,

तू वर दोन मजल्यांवर, मी इथे. आणि तरी पत्रच लिहितेय. तुला काचेच्या खोलीत ठेवलंय, कुणाला आत सोडत नायत, म्हणून. पेन भाग्यश्रीबाईंनी दिलं, कागद आयाने आणला. आडवं पडून लिहितेय, ओळी वर-खाली जातायत.

सही केलीस तेव्हा परवानगीच्या त्या ऑफिसात एकाच बाकड्यावर बसलो होतो आपण, मधे चांगुणा. तू मान वर केली नायस. मी तुझे हात बघत होते. किती बारीक झालेत रे, मनगटाचं हाड वर आलंय. फिटरचे हात होते ते. मी काही बोलले नाय, कारण बोलले असते तर रडले असते आणि साहेबाला वाटलं असतं, बाई नाखूष हाय. ऑपरेशनच्या सकाळी तुझी गाडी माझ्या गाडीशेजारून नेली, तेव्हाही तू छताकडे बघत होतास. म्हटलं, असू दे. न बोलता पण घेता येतं.

दुखतंय. बरगडीखाली एवढा मोठा छेद हाय, खोकला आला तर जीव जातो. सर्जनसाहेब म्हणाले, चरबीतून वाट काढायला वेळ लागला. मी म्हटलं, मलाही लागला.

दाजी पेणला गेलेत, गणपती तोंडावर आलेत, मालक सोडत नाय. पोटं यंदा दुसरंच कुणीतरी रंगवतंय. हौसा इथेच हाय माझ्याजवळ, खाटेखाली चटई टाकून झोपते. काल तिने भाग्यश्रीबाईंना विचारलं, "बाई, माझी पण चरबी बघता का? मी पण पुष्कळ चालले." बाई म्हणाल्या, "तुम्हाला चरबी आहे कुठे?" अख्खा वॉर्ड हसला. मला हसता येत नव्हतं, टाके हायत. मी उशी पोटाशी धरून हसले.

काल दुपारी सिस्टर धावत आली. मला वाटलं संपलं. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या भावाला लघवी झाली! पिशवी भरली!" कान्हू, कुणाच्या लघवीसाठी मी देवाला हात जोडीन असं आयुष्यात वाटलं नव्हतं. हौसा तर देवीला नारळ बोलून बसली. माझी किडनी तुझ्या पोटात गेल्या गेल्या कामाला लागली म्हणे. लागणारच. मिठागरावरची हाय ती, तिला बसून राहायची सवय नाय.

हे पत्र इथवर लिहून ठेवलं होतं. आत्ताच वरची आया येऊन गेली. म्हणाली, "तुमच्या भावाने सकाळपासून डोकं उठवलंय. काचेबाहेर खुर्ची ठेवा म्हणतात." मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाली, "बहीण यायची आहे म्हणे. आम्ही प्लॅस्टिकची ठेवली तर ती नको म्हणाले. ती हलते, बहिणीला दुखेल. मग ऑफिसातली हातांची मोठी आणवली. तीही कडेला नको, बरोबर समोर ठेवा, म्हणाले. आणि वर उशी ठेवून घेतली. आता कुणाला तिच्यावर बसू देत नाहीत. डॉक्टर टेकले तर त्यांनासुद्धा उठवलं."

माझ्याने पुढे ऐकवलं नाय. हौसाने पदराने माझं तोंड पुसलं. टाक्यांची पर्वा न करता मी रडले, आणि खूप बरं वाटलं.

उद्या मला उठवून चालवणार हायत. सिस्टर म्हणाली, दारापर्यंत गेलात तरी खूप. मी म्हटलं, बघू. बांधावर रोज जाणारीला दोन मजल्यांचं काय. नाय जमलं तर परवा. पण येणार मी. हौसाला सांगितलंय, ह्या खेपेला माझ्या बदली तू जायचं नाय.

ती खुर्ची तशीच राहू दे. मी बसेन. पण आधी समोर उभी राहणार, आणि तू "ताय" म्हणेपर्यंत बसणार नाय. काचेतून आवाज येत नाय म्हणतात. नको येऊ दे. तू नुसते ओठ हलव, मला कळेल.